पाण्याच्या जिन्याची पहिली पायरी

चक्कीवाल्याला पाणी अडवायचे होते, नावाड्याला ते सोडायला हवे होते. शेकडो वर्षे चाललेल्या या भांडणावर टेम्स नदीने तोडगा काढला तो दोन दारांच्या एका पेटीने. ऑक्सफर्डजवळच्या इफ्ली लॉकची ही कहाणी.

ऑक्सफर्ड शहर मागे टाकून टेम्स नदी तीनेक किलोमीटर पुढे गेली, की इफ्ली नावाचे टुमदार गाव लागते. गावाच्या पायथ्याशी नदीला फाटे फुटतात. एका बाजूला बंधारा आहे. त्यावरून पाणी खळाळत खाली पडते. दुसऱ्या बाजूला भक्कम भिंतींची एक लांबट पेटी नदीतच बांधलेली आहे. तिच्या दोन्ही टोकांना मोठाली दारे आहेत. काठावर नीट कापलेली हिरवळ आहे आणि बाजूला लॉककीपरचे घर.

खालच्या अंगाने एखादी होडी येते, उघड्या दारातून पेटीत शिरते. मागचे दार बंद होते. मग पेटीतले पाणी हळूहळू चढू लागते आणि त्याबरोबर होडीही वर येते. काही मिनिटांत वरच्या नदीची पातळी गाठली, की पुढचे दार उघडते आणि होडी ऑक्सफर्डच्या दिशेने निघून जाते. ना यारी, ना पंप, ना कुणाचे ओढणे! पाण्यानेच होडीला एक पायरी वर चढवलेले असते.

टेम्सवर अशी ४५ लॉक आहेत. कोट्सवोल्डच्या टेकड्यांच्या परिसरात उगम पावून लंडनमार्गे समुद्राला मिळणारी ही ३४६ किलोमीटर लांबीची नदी म्हणजे पाण्याचा एक लांबच लांब जिनाच आहे म्हणा ना! त्यातल्या अगदी पहिल्या तीन पायऱ्या १६३१च्या सुमारास बांधल्या गेल्या. इफ्ली ही त्यांपैकी एक.

चक्की आणि होडी

ही पेटी कशासाठी लागली, हे समजायचे तर त्याआधीची नदी डोळ्यांसमोर आणायला हवी.

मध्ययुगीन इंग्लंडात नदीकाठच्या गावांचे पीठ पाणचक्कीवर दळले जाई. चक्की फिरायची तर पाण्याला उंचावरून पडायला हवे, आणि त्यासाठी नदीला आडवा बंधारा घालायला हवा. मासे पकडणारेही नदीत आडवे कूड घालून त्यांत जाळी आणि टोपल्या लावत. या सगळ्यांना पाणी अडलेले हवे होते.

नावाड्यांचे मात्र नेमके उलटे. त्या काळी रस्ते म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात खाचखळगे. दगड, लाकूड, कोळसा, धान्य असा जड माल न्यायचा तर नदीइतकी स्वस्त वाट दुसरी नव्हती. पण दर काही अंतरावर एक बंधारा वाट अडवून उभा!

हे भांडण किती जुने असावे? १२१५ साली इंग्लंडच्या राजाने ज्या सुप्रसिद्ध मॅग्ना कार्टा सनदेवर मोहोर उठवली, तिच्यातही याचा उल्लेख आहे. टेम्स आणि मेडवे या नद्यांतले, तसेच समुद्रकिनारा सोडून साऱ्या इंग्लंडातले मासेमारीचे बांध काढून टाकावेत, असे एक कलम त्या सनदेत आहे. राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या कागदात नदीतल्या अडथळ्यांना जागा मिळावी, यावरूनच तो प्रश्न लोकांच्या किती जिव्हाळ्याचा होता ते दिसते. अर्थात, सनद झाली म्हणून बांध गेले नाहीत. चक्क्या तर राहिल्याच. लोकांना भाकरी हवी होती आणि भाकरीला पीठ.

जिवावरची वाट

मग तडजोड म्हणून बंधाऱ्यातच एक खिंड ठेवण्याची पद्धत पडली. या खिंडीत एक आडवी तुळई, तिला टेकलेले उभे दांडे आणि दांड्यांना टेकलेल्या फळ्या अशी रचना असे. एरवी फळ्या लावलेल्या, म्हणजे पाणी अडलेले. होडी आली की फळ्या आणि दांडे एकेक करून उपसायचे. खिंड मोकळी होताच अडलेले पाणी लोंढ्यासारखे खाली धावे. इंग्रजीत याला ‘फ्लॅश लॉक’ म्हणत.

खाली जाणारी होडी त्या लोंढ्यावर स्वार होऊन खिंडीतून सुसाट निघे. सुकाणू जरा चुकले की होडी खांबावर आदळलीच म्हणून समजा! वर येणाऱ्या होडीचे हाल निराळे. लोंढ्याचा जोर थोडा ओसरला, की तिला दोर बांधायचे आणि काठावरच्या रहाटाने किंवा माणसांच्या बळावर त्या उतारावरून वर खेचायचे. दोर तुटला तर होडी आणि माणसे दोन्ही गेली.

यात अपघात होत. सर्वांत भयंकर प्रसंग गोरिंग या गावाजवळ १६७४ साली घडला. जत्रा आटोपून परतणाऱ्या लोकांनी भरलेली नाव बंधाऱ्यापाशी उलटली आणि सुमारे साठ जणांना जलसमाधी मिळाली. आनंदाच्या दिवशी घराबाहेर पडलेली माणसे परत आलीच नाहीत.

पैशाचा आणि वेळेचा प्रश्न तर रोजचाच होता. एकदा खिंड उघडली की वरचे पाणी उतरे. ते पुन्हा साठेपर्यंत चक्की बंद. त्यामुळे चक्कीवाला सहजासहजी फळ्या काढू देत नसे आणि काढल्या तर पैसे मागे. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी असले, की पडाव आणि त्यांवरचे खलाशी बंधाऱ्यापाशी दिवस दिवस खोळंबून राहत. शिवाय खिंड उघडल्यावर वरच्या बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाची होडी गाळात रुतून बसे, ते वेगळेच! एकाची सोय म्हणजे दुसऱ्याची अडचण, असा हा सगळा मामला होता.

विद्यापीठ आणि शहर एकत्र येतात

ऑक्सफर्डला याची झळ विशेष बसत होती. लंडनहून निघालेला माल नदीने बर्कट या गावापर्यंत येई. तिथून पुढे ऑक्सफर्डपर्यंतची नदी मोठ्या पडावांना चालण्याजोगी नव्हती. मग माल उतरवायचा, गाड्यांत भरायचा आणि रस्त्याने आणायचा. त्यामुळे शहरात जळण महाग पडे. उलट, ऑक्सफर्डच्या आसपास निघणाऱ्या बांधकामाच्या दगडाला लंडनमध्ये मागणी होती, पण तो न्यायचा कसा हा प्रश्न होता.

यावर इंग्लंडच्या संसदेने आधी १६०५ मध्ये आणि मग १६२४ मध्ये कायदा केला. बर्कट ते ऑक्सफर्ड हा पट्टा नौकानयनाला योग्य करण्यासाठी एक आयोग नेमला गेला. या आयोगावर विद्यापीठाचेही लोक होते आणि शहराचेही. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी-प्राध्यापक आणि शहरवासी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. १३५५ मध्ये एका दारूच्या गुत्त्यात सुरू झालेल्या भांडणातून उसळलेल्या दंगलीत दोन्ही बाजूंची कित्येक माणसे मेली होती. पण थंडीत चूल आणि शेकोटी पेटायची तर कोळसा दोघांनाही हवा होता!

या आयोगाने तीन ठिकाणी नव्या पद्धतीची लॉक बांधली. इफ्ली, त्याच्या खालचे सँडफर्ड आणि अॅबिंग्डनजवळचा स्विफ्ट डिच नावाचा फाटा. टेम्स नदीवरची ही पहिली दुहेरी दारांची लॉक. १६३५ साली माल भरलेला पहिला पडाव ऑक्सफर्डला पोहोचला. लंडन आणि ऑक्सफर्ड या शहरांमध्ये आता सुमारे १८० किलोमीटरचा जलमार्ग खुला झाला होता.

युक्ती आहे तरी काय?

युक्ती ऐकायला अगदी सोपी आहे. एका दाराऐवजी दोन दारे ठेवायची आणि ती दोन्ही एकाच वेळी कधीही उघडायची नाहीत. बस्स, एवढेच!

दोन दारांमधल्या पेटीला वरच्या नदीकडून पाणी आत घेणाऱ्या झडपा असतात आणि खालच्या नदीकडे पाणी सोडणाऱ्या झडपा असतात. होडीला वर चढवायचे तर खालची दारे आणि झडपा बंद करून वरच्या झडपा उघडायच्या. उतरवायचे तर उलट. पेटीतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीला आले, की दारावरचा दाब सारखा होतो आणि दार सहज उघडते. त्याआधी ते उघडायचा कितीही प्रयत्न करा, हलणार नाही.

या दारांची ठेवणही मजेदार आहे. दोन फळ्यांचे दार मिटले, की ते सरळ रेषेत येत नाही. नमस्काराला जोडलेल्या हातांसारखा त्याचा कोन होतो आणि त्या कोनाचे टोक वरच्या प्रवाहाकडे असते. त्यामुळे पाणी जितके जोराने रेटेल, तितक्या त्या फळ्या एकमेकींवर घट्ट बसतात. दार उघडण्यासाठी धडपडणारे पाणीच त्याला कडी घालून ठेवते! पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या मिलान शहराच्या कालव्यांवर अशी दारे आली. चित्रकार म्हणून जगाला ठाऊक असलेल्या लिओनार्दो दा व्हिंचीचे नाव या दारांशी जोडले जाते.

दोन दारांच्या लॉकची मूळ कल्पना मात्र त्याहून पाचशे वर्षे जुनी आणि पूर्वेकडची आहे. चीनमध्ये ९८४ साली छियाओ वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याने ग्रँड कॅनॉलवर असे लॉक बांधले. बंधाऱ्यावरून होड्या ओढून नेताना त्या फुटत आणि त्या गडबडीत मालाची चोरी होई, म्हणून त्याने हा उपाय शोधला असे सांगतात.

तत्त्व एकच असले, तरी त्याचा पसारा कितीही वाढवता येतो. पनामा कालव्यात महाकाय जहाजे वर चढतात ती याच युक्तीने. मुंबई बंदरात १९१४ साली सुरू झालेल्या अलेक्झांड्रा गोदीच्या, म्हणजे नंतरच्या इंदिरा गोदीच्या, तोंडाशी लॉक बांधले गेले तेही याच तत्त्वावर. बाहेर समुद्राला ओहोटी लागली तरी गोदीतले पाणी उतरू नये आणि जहाजे तळाला टेकू नयेत, यासाठी तिथे हा खटाटोप.

इफ्लीची पायरी तशी बुटकीच आहे. इथे एका मीटरहूनही कमी चढ-उतार आहे. लगतच्या सँडफर्डला मात्र होडी सुमारे २.७ मीटर वर-खाली होते. होडीत बसून खालून वर पाहिले, तर दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंती विहिरीसारख्या वाटतात.

मुख्य म्हणजे, आता होडी जाण्यासाठी सगळा बंधारा रिता करावा लागेना. एक पेटीभर पाणी खर्च झाले की काम भागे. बाकीचे पाणी चक्कीवाल्याचे चक्कीवाल्याकडे राहिले.

अर्थात, जुनी सवय लगेच मोडत नाही. टेम्सवर इतरत्र जुन्या फळ्या-दांड्यांच्या खिंडी पुढे तीनशे वर्षे टिकून होत्या. त्यांतली शेवटची हटली ती १९३०च्या दशकात.

शर्यतीचा जन्म

१७९० साली ऑक्सफर्डपर्यंत कालवा आला आणि मध्य इंग्लंडचा कोळसा त्यातून येऊ लागला. १८४४ मध्ये रेल्वे आली. नदीवरचे पडाव हळूहळू कमी झाले. आता लॉकचे काम संपले, असे वाटण्याची वेळ आली होती. पण तेव्हाच नदीवर वेगळीच गर्दी सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी होडी भाड्याने घेऊन फिरणारी कुटुंबे, तरुण मंडळी, टोपल्यांत भरून आणलेले जेवण! १८८५ मध्ये टेम्सचे सहलीसाठी जतन करणारा कायदाही झाला. जेरोम के. जेरोम या लेखकाची ‘थ्री मेन इन अ बोट’ ही विनोदी कादंबरी १८८९ सालची. तीन मित्र आणि एक कुत्रा यांच्या टेम्सवरच्या सफरीची ती गोष्ट जगभर वाचली गेली.

ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तर इफ्ली लॉकच्या निमित्ताने एक खेळच जन्माला घातला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी होड्या वल्हवत सँडफर्डला जेवायला जात. परतताना इफ्लीच्या लॉकमधून होड्या एकामागून एक बाहेर पडत. नदी अरुंद, त्यामुळे शेजारी जाऊन पुढे निघायला वाव नाही. मग मागच्या होडीने पुढच्या होडीला गाठून धक्का द्यायचा, की जिंकले! या गमतीतून ‘बंप्स’ शर्यत निघाली, असे सांगितले जाते. १८१५ पासूनच्या तिच्या नोंदी दिल्या जातात. आजही मे महिन्याच्या अखेरीस चार दिवस या शर्यती होतात, होड्या ठरावीक अंतरावर एकीमागे एक उभ्या राहतात आणि शर्यतीची सुरुवात इफ्ली लॉकच्या वरच्या बाजूलाच होते.

देऊळ, चक्की आणि एक स्तंभ

लॉकवरून चढण चढून गावात गेले, की सेंट मेरीचे चर्च दिसते. ते ११६०-७०च्या सुमाराचे आहे. दारांच्या कमानींवर नागमोडी नक्षी आणि चोचीच्या डोक्यांच्या रांगा कोरलेल्या आहेत. तेराव्या शतकात इथे ॲनोरा नावाची एक सरदार घराण्यातली विधवा राहत असे. चर्चलगतच्या कोठडीत तिने स्वतःला कायमचे बंद करून घेतले होते आणि उरलेले आयुष्य प्रार्थनेत काढले. खुद्द राजा तिला सरपणासाठी लाकूड पाठवी.

लॉकच्या शेजारची जुनी पाणचक्की मात्र आता नाही. चित्रकारांची आणि छायाचित्रकारांची ती फार आवडती होती. १९०८ साली तिला आग लागली आणि ती जळून गेली. ज्या चक्कीपायी बंधारा आला आणि बंधाऱ्यापायी लॉक, ती चक्की गेली आणि बंधारा व लॉक राहिले. सध्याच्या लॉकचे बांधकाम १९२४ सालचे आहे.

लॉकने होड्यांची वाट सुरक्षित केली, पण बंधाऱ्याखालचे पाणी आजही तितकेच धोक्याचे आहे. सँडफर्डच्या बंधाऱ्यापाशी एक दगडी स्तंभ उभा आहे. तिथल्या डोहात बुडालेल्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. १८४३ चे दोघे, १८७२ चा एक आणि १९२१ चे दोघे. जेरोमनेही आपल्या कादंबरीत या डोहापासून जपून राहायला सांगितले होते. १९२१ च्या मे महिन्यात बुडालेल्या दोघांपैकी एक होता वीस वर्षांचा मायकल लेवेलिन डेव्हिस. ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी यांनी ज्या पोरक्या भावांना वाढवले, त्यांतला हा लाडका मुलगा. कधीही मोठा न होणाऱ्या मुलाची गोष्ट ज्या भावांशी खेळता खेळता सुचली, त्यांतल्याच एकाचे आयुष्य विशीत संपले. बॅरी त्या धक्क्यातून कधीच पुरते सावरले नाहीत.

फुलांचा माळी, पुराचा पहारेकरी

लॉककीपर म्हटले की दारे उघडणारा आणि बागेची निगा राखणारा एक शांत माणूस डोळ्यांपुढे येतो. टेम्सवरच्या लॉकच्या बागांची स्पर्धाही असते. ऑक्सफर्डच्या खाली आता बटण दाबून दारे हलतात. वरच्या बाजूच्या काही लॉकवर मात्र अजूनही दाराची लांब तुळई पाठीने रेटावी लागते.

पण लॉककीपरचे खरे काम दिसते ते पावसात. शेजारच्या बंधाऱ्याची दारे किती उघडायची आणि कधी, हे त्याच्याकडे असते. वर पाणी कोंडले तर वरची घरे बुडतील, एकदम सोडले तर खालची. प्रवाह वाढू लागला की लॉकवर पिवळी पाटी लागते. धोका वाढला की लाल पाटी लागते आणि होड्यांनी काठाला बांधून राहावे असा तिचा अर्थ असतो. २००७ च्या जुलैमध्ये ऑक्सफर्डच्या नदीलगतच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. अशा वेळी बंधारे कितीही उघडले तरी नदी ऐकत नाही. पण इतर दिवशी तिची पातळी राखली जाते, ती याच माणसांच्या जागरणावर.

आणि पाण्याला पुन्हा काम मिळाले आहे. ऑक्सफर्डमधल्याच ऑस्नी लॉकपाशी २०१५ साली रहिवाशांनी भागभांडवल गोळा करून छोटे वीजकेंद्र उभारले. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी एका प्रचंड स्क्रूसारख्या चाकाला फिरवते आणि वीज तयार होते. पुढे सँडफर्डलाही असे तीन स्क्रू बसले. माशांना वर-खाली जाण्यासाठी वेगळी वाटही ठेवली गेली. जिथे एकेकाळी पिठाच्या जात्याला पाणी द्यायचे की होडीला, यावरून हातघाईवर येणे व्हायचे, तिथे आता वीजही निघते आणि होड्याही जातात.

इफ्लीला मात्र असे चाक नाही. तिथे आजही उन्हाळ्याच्या दुपारी होड्या ओळीने थांबतात. लॉककीपर खूण करतो. एक दार मिटते, पाणी चढते आणि मगच दुसरे दार उघडते. त्यात पाच-दहा मिनिटे जातात, पण कुणी कुरकुर करत नाही. जुन्या काळी याच वाटेवर पाण्याची वाट पाहत कितीतरी दिवस काढावे लागत होते.